म्हसोबाच्या डोहावरची मंडळी

भुसावळपासून थोडं पुढे, तापीच्या काठावर, माझी मुलगी दिली आहे त्या गावात आजही सांगतात की टायपिंगवाल्या सरांनी पाणमांजरं पाळली होती. दारच्या कुत्र्याला भाकरी टाकावी तसे मासे टाकून टाकून त्यांनी ती माणसाळवली, आणि मग त्या जनावरांनी मासे धरणाऱ्या दगडूची जाळी फाडली. गावात पाहुणा आला, त्याला डोह दाखवायला नेलं, की ही गोष्ट ठरलेली. सांगणारे वाईट मनाने सांगत नाहीत. हसत सांगतात, थोडं कौतुकानेही सांगतात. पण गोष्ट खोटी आहे. सरांनी त्या जनावरांना उभ्या आयुष्यात माशाचं शेपूटसुद्धा टाकलं नाही. टाकले ते मी.

एवढं एका ओळीत सांगून मोकळं होता आलं असतं. पण सर कसे होते हे ज्याला ठाऊक नाही, त्याला या ओळीचं काय? म्हणून आधी ते जसे आठवतात तसे सांगतो.

भुसावळला स्टेशनच्या रस्त्यावर एका माडीवर त्यांचा टायपिंगचा वर्ग होता. खाली सायकलचं दुकान, वर आम्ही. जिना चढतानाच पत्र्यावर गारा पडाव्यात तसा आवाज यायचा. दीपनगरच्या वीज केंद्रात मी कारकून म्हणून लागलो तो त्या वर्गाच्या जोरावर. सर उंच, किडकिडीत, शर्टाचं वरचं बटण कायम लावलेलं. रागावत नसत. कुणी बोटांकडे पाहून टाइप करताना दिसला की खुंटीवरचा पंचा घेत आणि मुकाट्याने त्याच्या हातांवर आणि यंत्रावर पसरत. पंच्याखाली हात चालवणारी आठदहा पोरं एका रांगेत बसलेली पाहून नवीन आलेला माणूस दारातच थबकायचा. सर म्हणत, "बोटांना घर माहीत असतं. तुम्ही कशाला सोबत जाता?"

ते सगळ्यांना अहोजाहो करत. पोरांना, भंगारवाल्याला, जिन्यात झोपलेल्या कुत्र्यालासुद्धा. "जरा बाजूला होता का?" असं म्हणून ते खरोखरच कुत्रं उठेपर्यंत उभे राहत. लग्न केलं नाही. का नाही, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही. रिकामे बसले की त्यांची बोटं मांडीवर चालत. काहीतरी टाइप होत असे. काय, ते मी कधी विचारलं नाही. आता वाटतं, विचारायला हवं होतं.

पुढे कॉम्प्युटर आले आणि वर्ग बंद पडला. सरांनी हळहळ केली नाही. यंत्रं ज्याला हवी त्याला देऊन टाकली आणि गावी, विधवा थोरल्या बहिणीकडे राहायला गेले. तिला सगळं गाव अक्का म्हणायचं. मधली बरीच वर्षं आमची भेट नव्हती. माझ्या मुलीचं स्थळ बघायला त्या गावात गेलो, तेव्हा ओट्यावर बसलेला एक म्हातारा मांडीवर टाइप करताना दिसला. मी पाया पडलो. त्यांनी माझं नाव, माझी बॅच आणि माझ्या डाव्या करंगळीचा आळशीपणा, तिन्ही सांगितली. मग विचारलं, "तुम्ही पहाटे उठता का?"

असा मी डोहावर जाऊ लागलो. तोवर मी निवृत्त होऊन जळगावला, पिंप्राळ्यात मुलाकडे राहायला आलो होतो. शनिवारी संध्याकाळी एसटीने जायचं, मुलीच्या घरी जाऊन तोंड दाखवायचं, आणि लेकीच्या घरी मुक्काम नको म्हणून सरांकडे उतरायचं. व्याह्यांनाही ते बरं वाटे. व्याही गळ्यात माळ असलेले, अतिशय कडक. बाजारात मासेवाली ज्या बाजूला बसे त्या बाजूने ते जात नसत. आमचंही घर न खाणारं, पण त्यांचं सोवळं वेगळंच होतं.

आणि सर मासे धरायचे.

हे गावाला कळत नसे. सरांचंही घर न खाणारं. मग हा माणूस रोज पहाटे गळ घेऊन नदीवर जातो, मासा धरतो आणि परत पाण्यात सोडून देतो, हे काय आहे? पारावरची मंडळी म्हणायची की सर म्हणजे बिडी पेटवून, न ओढता फेकणारा माणूस. गळाच्या टोकाला जी उलटी नखी असते, जिच्यामुळे मासा सुटत नाही, ती सरांनी कानशीने घासून काढलेली होती. त्यामुळे निम्मे मासे वाटेतच सुटत. उरलेला हाताशी आला की सर आधी दोन्ही हात पाण्यात बुडवून गार करत, मासा पाण्यातच धरून ठेवत, त्याच्याकडे बघत. "शिंगाडा आहेत," असं म्हणत. किंवा, "मागच्या वेळचे रोहू हेच असावेत." आणि सोडून देत.

अक्काला हे काही पटत नव्हतं. गळ घरात आणायचा नाही, गोठ्याच्या आढ्याला खोचायचा. बाहेरच्या नळावर अंघोळ केल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही. आम्ही दोघे म्हातारे थंडीत कुडकुडत नळाखाली बसलो की ती दारातून म्हणायची, "खानारे खातात त्याचं मले काही नाही रे भो. हे न खाता पाप करू राह्यले." मग मात्र गरम कळण्याची, ज्वारी-उडदाची भाकर आणि ठेचा समोर यायचा, आणि तिसरी भाकरी न विचारता पडायची.

मी एकदा सरांना विचारलं की सोडूनच द्यायचं तर गळ टाकायचा कशाला, नुसतं बसू या. त्यांनी गळाची दोरी जरा सैल सोडली. मग म्हणाले, "नुसतं बसलं की माणूस स्वतःचाच विचार करतो. गळ टाकला की थोडा वेळ दुसऱ्याचा करतो."

म्हसोबाचा डोह गावाच्या खालच्या अंगाला आहे. वर केळीची बागायत, मग मातीचा उभा कडा, कड्याच्या पोटात उंबराची मुळं, आणि खाली हिरवंगार, न हलणारं पाणी. समोर वाळूचा दांडा. हिवाळ्यात पहाटे पाण्यावर धुकं इतकं दाट असे की गळाचं बूच दिसत नसे. सर म्हणत, बुचाकडे बघूच नका. कुठेही बघू नका. मी तसा बसायला शिकलो. धुक्यात आपण आहोत की नाही हेच काही वेळाने कळेनासं होई. दूरवर बागेत केळीच्या पानावरून दव ठिबकायचं, तो आवाज आपल्या आतूनच येतो आहे असं वाटायचं.

त्या धुक्यातून पहिल्यांदा शीळ ऐकू आली. एखाद्या लहान मुलाने दातांच्या फटीतून घातलेली, बारीक, थरथरती. मग दुसरीकडून तिला उत्तर. सरांची बोटं मांडीवर थांबली. "मंडळी आली," ते ओठांतल्या ओठांत म्हणाले.

आमच्याकडे त्या जनावराला कुणी पाणमांजर म्हणतं, कुणी पाणकुत्रं. सर दोन्ही म्हणत नसत. त्या सकाळी धुकं फाटत गेलं तसं एकेक डोकं पाण्यातून वर आलं. चपटं, गुळगुळीत, मिशा पाण्याने चमकणाऱ्या. एक आई, एक मोठा, आणि पिल्लं. ती वाळूच्या दांड्यावर चढली, अंग घुसळून कोरडी झाली, एकमेकांच्या अंगावरून लोळली. मोठ्याने मरळ मासा धरून आणला आणि डोक्याकडून खायला सुरुवात केली. तो आवाज, कुरुम कुरुम, काकडी खाल्ल्यासारखा, नदीपलीकडून स्पष्ट आमच्यापर्यंत आला. मी साठी ओलांडलेला माणूस. असं काही आपल्याच जिल्ह्यात, आपल्याच नदीत आहे, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. डोळ्यांत पाणी आलं ते थंडीने, असं मी स्वतःला सांगितलं.

परत येताना सरांनी नियम सांगितले. बोलवायचं नाही. द्यायचं नाही. नाव ठेवायचं नाही. रोज एकाच जागी बसायचंही नाही. मी म्हणालो, इतकं काय बिघडतं? सर थांबले आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "त्यांनी आपल्याला भ्यायला हवं. आपल्यापाशी दुसरं काही देण्यासारखं नाही त्यांना."

डोहावर मगरही होती. तिला सर मोठे साहेब म्हणायचे. ऊन वर आलं की मोठे साहेब दांड्यावर येऊन तोंड उघडं टाकून पडत, आणि आम्ही आमची जागा बदलत असू. एकदा मंडळींनी साहेबांना दांड्यावरून उठवलं. दोन पुढून शिट्या घालत होती, एकाने मागून शेपटीला चावा घेतला. साहेबांनी एकदोनदा जबडा आपटला आणि मग ऑफिसातून बदली झालेल्या माणसासारखे निमूट पाण्यात उतरले. सर हसताना मी तेव्हाच पाहिले. आवाज नाही, फक्त खांदे हलत होते.

आणि बिबट्याची ती सकाळ. केळीच्या बागांतून तो येतो हे सगळ्यांना माहीत होतं, शेळ्या जात. पण तो दिसेल असं मनात नव्हतं. समोरच्या काठावर तो उतरला, जसा कुणी झोपेतून उठून पाणी प्यायला यावा. प्यायला लागला. त्याच्या जिभेचा लपलप आवाज आणि धुकं, एवढंच होतं. नेमका तेव्हाच सरांच्या गळाला मासा लागला. दोरी ताणली गेली. सरांनी ओढली नाही, सोडलीही नाही. बिबट्याने मान वर करून आमच्याकडे पाहिलं, फार वेळ. सरांनी त्याला हळूच म्हटलं, "होऊ द्या तुमचं." तो प्यायला, वळला, केळीत शिरला. पानं हलली नाहीत. दोरीवरचा मासा केव्हाच सुटून गेला होता.

इतका वेळ मी चांगल्या गोष्टी सांगतो आहे, कारण त्या सांगाव्याशा वाटतात.

एका हिवाळ्यात सरांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन जळगावला झालं. मीच आग्रह करून त्यांना पिंप्राळ्याला आमच्याकडे ठेवून घेतलं. माझी बायको वेळच्या वेळी डोळ्यांत थेंब घालायची. सर तिलाही अहोजाहो करत आणि भिंतीकडे तोंड करून मुकाट बसत. अक्का गावी एकटी, तिला हवं-नको बघायला म्हणून मी जाऊ लागलो. आठवड्यातून एकदा जायचं ते दोनदा, तीनदा. खरं कारण डोह होता. सर म्हणालेच होते, "जाऊन या. कसे आहेत ते सांगा."

पहिल्याच दिवशी मला मोठा रोहू लागला. हातभर लांब, तेल लावल्यासारखा. सरांनी तो पाहून लगेच सोडला असता. मला सोडवेना. आयुष्यात पहिल्यांदा एवढं मोठं काही माझ्या हाती आलं होतं आणि ते दाखवायला कुणी नव्हतं. घरी न्यायची सोय नाही. मुलीच्या गावात कुणाला दाखवण्याची तर नाहीच, कारण तिथे सगळ्यांना वाटे की मी सरांच्या सोबतीला, हवा खायला जातो. माझ्याही हातात गळ असतो हे व्याह्यांना कळलं असतं तर मुलीला त्या घरात काय ऐकावं लागलं असतं, याची मला कल्पना होती. मी मासा हातात घेऊन उभा राहिलो आणि उभा राहता राहता तो मेला. मेलेला मासा सोडून तरी काय देणार? मी तो पाण्याशेजारच्या सपाट खडकावर ठेवला आणि मागे सरून बसलो.

पाणमांजराचं एक पिल्लू आलं. खडकाशी थबकलं, मान उंच करून माझ्याकडे पाहिलं, आणि मासा ओढून नेला.

दुसऱ्या वेळी मी मुद्दाम ठेवला. तिसऱ्या वेळी आई आली. पुढे ती येईनात तेव्हा मी एक दगड उचलून खडकावर ठोकला, थांबून थांबून, दाराची कडी वाजवावी तसा. शीळ आली. मग तेच ठरून गेलं. मी ठोकायचो, आणि धुक्यातून ती पाण्यावर रेघा ओढत सरळ माझ्याकडे यायची.

मुलगा-सून चांगली होती, आहेत. पण निवृत्तीनंतर घरात मी आलो काय, गेलो काय, कुणाचं काही अडत नव्हतं. इथे माझ्या हाताच्या आवाजाला कुणीतरी येत होतं. पिल्लू तर शेवटी इतकं जवळ येई की त्याच्या अंगाचा ओला, कच्च्या तांदळासारखा वास मला येई. घरी परतलो की सर विचारत, "मंडळी?" मी म्हणे, "लांबून दिसली." ते मान हलवत आणि डोळे मिटून घेत. डोळ्यांवर पट्टी असलेल्या माणसाशी खोटं बोलणं सोपं असतं, हे मी तेव्हा शिकलो.

सर गावी परतले त्याच आठवड्यात पारावर माणसं जमली. हिरवा चष्मा लावून सर पारावर बसले, मी त्यांच्या शेजारी, समोर व्याही. दगडूने गोणपाटावर ते पिल्लू आणून ठेवलं होतं. जाळ्यात अडकून, बुडून मेलेलं. शेजारी फाटलेल्या जाळ्याचा ढीग. दगडूचं पोट त्या जाळ्यांवर होतं आणि त्या महिन्यात त्याने एकही जाळं धड बाहेर काढलं नव्हतं. तो ओरडला नाही. थकलेला होता.

"सर, भिऊन पळनारं जनावर व्हतं ते," तो म्हणाला. "आता मी काठावर जाळ्याची खुंटी ठोकायले बसलो का बठ्ठे हजर, सारेच्या सारे. ठोकलं का आले, ठोकलं का आले. कोनीतरी सवय लावल्याबिगर आसं व्हत नाही. डोहावर तुमच्याबिगर बसतं कोन?"

खुंटी ठोकली की. माझ्या दगडाचा आवाजही तसाच होता. सवय कुणी लावली हे त्या पारावर दोघांनाच कळलं, मला आणि सरांना. सरांचा हिरवा चष्मा सावकाश माझ्याकडे वळला. महिनाभर ते माझ्या घरी भिंतीकडे तोंड करून बसले होते, हे गावाला ठाऊक होतं. पण गावाला वाटलं, सवय आधीची असेल. सरांनी नुसतं म्हटलं असतं की मी देत नाही, तर पुढचा प्रश्न आपोआप आला असता, की मग देतो कोण. व्याही माझ्याकडे बघून, आपल्या पाहुण्याला हे ऐकावं लागतंय म्हणून ओशाळं हसले.

सर म्हणाले, "डोहावर बसायची सुरुवात माझी. जे झालं ते त्यातून झालं."

दगडू म्हणाला, "मंग सर, तुमी आता डोहावर नका येत जाऊ." कुणी काही बोललं नाही, म्हणजे ते ठरलं. सर उठले, गोणपाटापाशी वाकले, त्या पिल्लाच्या ओल्या डोक्यावरून एक बोट फिरवलं, आणि पाराच्या पायऱ्या उतरण्यासाठी माझा हात मागितला.

घराच्या वाटेवर ते इतकंच म्हणाले, "कशाने बोलवायचात?"

"दगडाने."

"हं."

बरंच पुढे गेल्यावर, जणू मीच काही विचारलं होतं आणि ते उत्तर देत होते अशा आवाजात, ते म्हणाले, "तुमची मुलगी या गावात नांदते."

यावर मी काय बोललो हे लिहायला आवडलं असतं. काहीच बोललो नाही.

अक्काने त्या दिवशी दोघांसमोर ताटं ठेवली आणि कुणाला नळाखाली पाठवलं नाही. सरांनी भाकरी मोडली आणि मला काम सांगितलं. मला कुणी बंदी केली नव्हती, तेव्हा मी जायचं. गळ न्यायचा नाही, दगडाला हात लावायचा नाही. त्याच खडकाशी बसायचं आणि ती आली तरी काही द्यायचं नाही. "विसरतील," ते म्हणाले. "वेळ लागेल. ज्याने शिकवलं त्याच्याच समोर विसरावं लागतं."

त्या कामासारखं काम मी आयुष्यात केलं नाही. ती यायची. आई खडकाशी येऊन दोन पायांवर उभी राहायची आणि माझ्या हातांकडे बघायची. हात मी गुडघ्यांवर उपडे ठेवत असे. ती शीळ घालायची, वाट बघायची, पाण्यात जाऊन परत यायची. कधी कधी तिचा मला राग येई, की जा ना आता. मग ती जायची आणि मी तसाच बसून राहायचो. परत येऊन ओट्यावर सरांना सांगायचं.

"आली?"

"आली."

"थांबली?"

"थांबली."

सर मग नदीच्या बाजूला तोंड करत. वारा वरून खाली असला तर पहाटे त्यांना ओट्यावर शीळ ऐकू येई असं अक्का सांगायची. ती म्हणायची, बोटं चालवता चालवता मधेच थांबतात, तेव्हा समजायचं.

होळीच्या सुमाराला एका सकाळी धुकं उरलं नव्हतं. मंडळी वरच्या अंगाने आली, खडकासमोरून गेली आणि एकानेही मान वळवली नाही. मधेच वाऱ्याने माझा वास तिकडे गेला असावा. सगळी एकदम बुडाली आणि पार पलीकडे, दांड्याच्या मागे वर आली. मी धावत, खरोखर धावत, सरांकडे आलो. "सर, भ्याली. मला भ्याली." सरांनी चष्मा काढून पुसला, परत घातला, आणि म्हणाले, "छान." टायपिंगचं एक पान बिनचूक आलं तरच ते हा शब्द वापरत.

त्यानंतर सर काही वर्षं जगले. अक्का आधी गेली, मग ते. डोह त्यांच्या ओट्यापासून हाकेच्या अंतरावर, पण ते पुन्हा तिकडे गेले नाहीत. मीही त्यांच्यासमोर तो विषय काढला नाही आणि त्यांनी मला कधी जाणवू दिलं नाही की तो आहे. त्यांच्या दहाव्याला पारावर कुणीतरी म्हणालं, आमचे सर पाणमांजरं पाळायचे हो, आणि सगळे मायेने हसले. मीही होतो तिथे. तेव्हा बोलायला हवं होतं.

गेल्या वर्षी व्याही गेले. मुलीची मुलं आता मोठी झाली. गप्प राहायला कारण उरलं नाही, तेव्हा या उन्हाळ्यात मी दगडूकडे गेलो. तो आता नदीवर जात नाही, दारात बसून मुलांची जाळी दुरुस्त करतो. मी त्याला सांगितलं. तो हसला आणि सुनेला चहा टाकायला सांगितला.

"तुमी बी ना, भाऊ. सर गेले, आता त्यायचं वझं तुमी काहाले उचलता? यालेच गुरुभक्ती म्हनतात."

"दगडू, मी त्या सपाट खडकावर दगड ठोकायचो. ठोकला की यायची."

त्याचा हात जाळ्यात थांबला.

"कोन्या खडकावर?"

मी सांगितलं. तो नदीकडे बघत राहिला. तिथून त्याच्या खुंटीची जागा किती जवळ होती, हे त्याला मी सांगायची गरज नव्हती.

"सरायले ठाऊक व्हतं?"

"त्याच दिवशी. पारावरच."

"आन् बोलले नाही."

"नाही."

सून चहा घेऊन आली, दोन कप मधे ठेवून गेली. दगडूने अर्धवट शिवलेलं जाळं गोळा केलं, नीट घडी घातली, बाजूला ठेवलं.

"पारावर पहिलं तोंड मी उघडलं व्हतं," तो म्हणाला. "डोहावर येऊ नका, हे सरायले मी म्हनलो. इतकी वर्सं मले वाटे, मी बरोबर व्हतो."

मी म्हणालो की चूक माझी होती.

"तुमची तुमच्यापाशी राहू द्या, भाऊ. माझी मले आता कळली." मग माझ्याकडे न पाहता, "गावाले सांगा. पन तुमीच सांगा. माझ्या तोंडून निघनार नाही."

चहा तसाच राहिला.

म्हणून हे लिहिलं. गावाच्या वाचनालयात देणार आहे. ज्याला वाचायचं तो वाचेल. मुलीला मात्र वाचायला देणार नाही. उद्याच्या एसटीने जातो आणि तिच्यासमोर बसून सांगतो.